खांद्याला पेलेल ते भिंग

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. गेली पंधरा वर्षं दुर्बीण गळ्यात अडकवून हिप्परगा तलाव, नान्नजचं माळरान आणि हिवाळ्यात भिगवण असं फिरते. आता पाहिलेल्या पक्ष्यांचे फोटोही काढावेत असं फार वाटतं. कॅमेरा अजून घेतलेला नाही. दुकानदार म्हणतात ६०० मिमीचं भिंग घ्या; भाचा म्हणतो, घ्यायचंच तर ८०० घे. माझा उजवा खांदा दुखरा आहे, त्यामुळे वजनाची धास्ती वाटते. शिवाय एकाच लांबीच्या दोन भिंगांच्या किमतीत पाच-सहा पटींचा फरक कसा, हे कळत नाही. नेमकं काय पाहून ठरवावं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : किमतीपासून सुरुवात करू, कारण वजनाचं कोडंही तिथेच सुटतं. भिंगाच्या नावात ‘एफ’च्या पुढे जो आकडा असतो तो भाजक आहे. ६०० ला ४ ने भागा, १५० येतात. म्हणजे ६०० मिमी एफ ४ भिंगाला १५० मिमी रुंद तोंड लागतं, चहाच्या बशीएवढं. ६०० ला ६.३ ने भागा, ९५ येतात. हे तोंड आमटीच्या वाटीएवढं. बशीचं क्षेत्रफळ वाटीच्या अडीचपट, म्हणून प्रकाशही अडीचपट.

पण एवढी मोठी काच निर्दोष घडवणं फार खर्चाचं काम आहे. सोनीने २०१९ साली दोन्ही प्रकारची भिंगं आणली. ६०० मिमी एफ ४ चं वजन ३,०४० ग्रॅम आणि अमेरिकेतली तेव्हाची किंमत १२,९९८ डॉलर. २००-६०० मिमी एफ ५.६-६.३ चं वजन २,११५ ग्रॅम, किंमत १,९९८ डॉलर. आपल्याकडचे भाव सतत बदलतात, म्हणून तुलनेपुरत्या इथे सगळीकडे बाजारात येतानाच्या अमेरिकेतल्या किमती देतो. अडीचपट प्रकाशासाठी साडेसहापट पैसे पडतात. तांबडं फुटायच्या वेळी किंवा दाट झाडीत रोज काम करणाऱ्याला ते परवडतं. सोलापूरच्या उघड्या माळावर, सूर्य हातभर वर आल्यावर फोटो काढणाऱ्याने ते पैसे प्रवासासाठी राखून ठेवावेत.

आता लांबीचा, म्हणजे आवाक्याचा प्रश्न. यासाठी एक सोपं गणित वहीत लिहून ठेवा. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. पक्ष्याचं अंतर गुणिले ३६, भागिले भिंगाची लांबी. उत्तर येतं ती चौकटीत मावणारी रुंदी. खंड्या २० मीटरवर बसला आहे असं धरा. ४०० मिमीतून १.८ मीटर रुंदीचं दृश्य येईल, ६०० मधून १.२ मीटर आणि ८०० मधून ०.९ मीटर. लहान खंड्या जेमतेम १७ सेंटिमीटरचा. म्हणजे ६०० मध्ये तो चौकटीच्या सातव्या हिश्शाएवढा दिसेल आणि ८०० मध्ये पाचव्या हिश्शाएवढा. फरक आहे, पण भाच्याला वाटतो तेवढा नाही. पक्षी २० ऐवजी १५ मीटरवर आला, तर ६०० मधूनही तो ८०० एवढाच मोठा मिळतो.

लांबीची दुसरी बाजू दुकानात सहसा कोणी सांगत नाही. ताडोबात वाघ जिप्सीपासून १५ मीटरवर रस्ता ओलांडतो, तेव्हा ६०० मिमीच्या चौकटीत ९० सेंटिमीटर मावतात. वाघाचं तोंड आणि मान, बस्स. भिगवणला नाव रोहितांच्या थव्याजवळ गेली की त्या थव्याची सगळी शान २०० मिमीच्या आसपास असते. म्हणून झूम भिंगाचा वरचा आकडा पाहता तसा खालचाही पाहा. १००-५०० मिमीच्या झूममधला खालचा १०० हा रिकामा आकडा नव्हे. थवा, वाघ, पाठीमागचं आभाळ, सगळं त्यातच मावतं.

आणि नान्नजची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दहा वाजले की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते. लांबवरच्या काळविटाचे पाय पाण्यात उभे असल्यासारखे हलतात. भिंग कितीही महागाचं असो, ते काळवीट मोठं करतं तशी ती थरथरही मोठी करतं. अशा वेळी ८०० चा फोटो ५०० पेक्षा स्वच्छ येत नाही. त्यावर उपाय दोनच : लवकर पोहोचणं आणि अंतर कमी करणं.

आता बाजारातली भिंगं शेजारी शेजारी ठेवू. ट्रायपॉडची कडी जिथे निघते तिथे वजन ती सोडून दिलं आहे.

निकॉनचं १८०-६०० मिमी एफ ५.६-६.३ (२०२३) १,९५५ ग्रॅम आणि सुमारे १,७०० डॉलर. सोनीच्या २००-६०० सारखंच यातही झूम आतल्या आत होतं, नळी बाहेर येत नाही; त्यामुळे तोल बदलत नाही आणि धुळीची भीती कमी. पैशाच्या मानाने ही दोन्ही भिंगं उत्तम. पण दोन किलो ते दोन किलोच.

कॅननचं २००-८०० मिमी एफ ६.३-९ (२०२३) २,०५० ग्रॅम आणि १,८९९ डॉलर. भाचा म्हणतो ते ८०० इथे त्याच वजनात मिळतं, पण टोकाला एफ ९ म्हणजे एफ ६.३ च्या निम्मा प्रकाश. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६०० ने भागत होतं तिथे ३२०० लागेल.

कॅननचं १००-५०० मिमी एफ ४.५-७.१ (२०२०) १,३७० ग्रॅम, पण २,६९९ डॉलर. ६०० वाल्या झूमपेक्षा सहाशे-सातशे ग्रॅम हलकं आणि महाग. निकॉनच्या ६०० मिमी एफ ६.३ पीएफचं वजन जवळपास तेवढंच, १,३९० ग्रॅम. किंमत मात्र ४,८०० डॉलरच्या घरात. पीएफ म्हणजे फेज फ्रेनेल. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून ओळखलं जाणारं, बारीक वर्तुळाकार रचनेचं एक भिंग आत बसवलेलं असतं. साध्या काचेत रंग ज्या क्रमाने फाकतात त्याच्या उलट क्रमाने ते फाकवतं. त्यामुळे दोष सावरायला लागणाऱ्या काचा कमी होतात, नळी आखूड होते. म्हणजे प्रकाशाला पैसे पडतात, तसे हलकेपणालाही पडतात.

आणि कॅननचंच छोटं १००-४०० मिमी एफ ५.६-८ (२०२१). वजन ६३५ ग्रॅम, किंमत ६४९ डॉलर. तुमच्यासाठी मी याच्यापाशी थांबेन. हे कॅननच्याच ‘आर १०’ सारख्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या बॉडीवर लावलं, तर सेन्सर लहान असल्याने १.६ पटींचा फायदा मिळतो आणि ४०० मिमीचं चित्र ६४० सारखं दिसतं. वीस मीटरवर सुमारे १.१ मीटर रुंदी, म्हणजे दुकानदार सांगतात त्या ६०० एवढाच आवाका. बॉडी ४२९ ग्रॅमची. सगळं मिळून साधारण एक किलो. उणिवाही सांगतो. एफ ८ आणि लहान सेन्सर, म्हणून पहाटे आणि संध्याकाळी फोटोत दाणे दिसतील. पाऊस-धुळीपासून संरक्षण नाही, तेव्हा पिशवीत एक प्लास्टिकचं आवरण असू द्या. खांद्याने साथ दिली आणि हात मोकळा असेल, तर पुढची पायरी १००-५०० ची. ते ‘आर ७’ या क्रॉप बॉडीवर लावलं की ८०० सारखा आवाका मिळतो आणि एकूण वजन दोन किलोच्या आतच राहतं.

प्रश्न : छोटं भिंग घेऊन टेलिकन्व्हर्टर लावला तर स्वस्तात काम होईल का?

उत्तर : कन्व्हर्टर म्हणजे भिंग आणि बॉडी यांच्यामध्ये बसणारं, लांबी वाढवणारं जोडभिंग. १.४ पटींचा कन्व्हर्टर प्रकाश निम्मा करतो, २ पटींचा पावपट. ६०० मिमी एफ ६.३ चं ८४० मिमी एफ ९ होतं. मोठ्या तोंडाच्या भिंगाला हे सोसतं. एफ ८ च्या भिंगावर मात्र उडत्या पक्ष्याचा फोकस अडखळू लागतो. त्याऐवजी अधिक मेगापिक्सेलची बॉडी घेऊन फोटो कापणं बरं.

प्रश्न : जुनं भिंग घ्यावं का?

उत्तर : जरूर. डीएसएलआरच्या काळातली सिग्मा आणि टॅमरॉनची १५०-६००, निकॉनचं २००-५०० ही भिंगं आता बऱ्याच जणांनी विकायला काढली आहेत आणि आजही सुंदर फोटो देतात. पण ती दोन किलोंच्या आसपासची किंवा त्याहून जड आहेत, हे लक्षात घ्या. घेताना पुढचं-मागचं झाकण काढून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या भिंगांत ती हमखास शोधावी. तुमचं भिंगही पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट डब्यात ठेवा.

हातात धरण्याला पर्याय हवा असेल, तर तांदूळ किंवा राजमा भरलेली कापडी पिशवी शिवून घ्या. गाडीच्या खिडकीवर ती ठेवून भिंग टेकवलं की खांद्याला आराम आणि चित्र स्थिर. गाडीतून न उतरणाऱ्या माणसाला माळावरचे पक्षी कमी घाबरतात, हा वरचा फायदा. घरट्याजवळ मात्र हलकं भिंग घेऊनही जाऊ नये.

पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. ट्रायपॉड नको, दुकान नको. लिटरभराची पाण्याची एक बाटली भरून पिशवीत घाला, गळ्यात अडकवा आणि नेहमीच्या वाटेवर दोन तास चाला. मधून मधून ती दोन्ही हातांनी डोळ्यांपर्यंत उचला आणि भोवत्या पक्षी माळावरून घिरट्या घालत येतो तेवढा वेळ, मिनिटभर, तशीच धरून ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या घेऊन हेच करा. पहिली बाटली म्हणजे १००-४०० आणि बॉडी. दोन बाटल्या म्हणजे १००-५०० आणि बॉडी, किंवा बॉडीशिवाय नुसतं ६०० चं झूम. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्या वजनानिशी पुन्हा बाहेर पडावंसं वाटेल, ते तुमचं भिंग. तुमच्याकडे पंधरा वर्षांची नजर आहे. पक्षी कुठे बसेल, कुठल्या दिशेने उडेल हे तुम्हाला आधी कळतं, आणि पक्ष्यापर्यंतचं अंतर असं कमी करायला कुठलंच भिंग लागत नाही.