रोजच्या वापराची आयब्रो पेन्सिल

आयब्रो पेन्सिल ही मेण, तेल आणि रंग यांची कांडी असते. मेणांत मधमाशीचे मेण आणि कार्नोबा किंवा कॅन्डेलिला ही झाडांपासून मिळणारी मेणे असतात. तेलांत बहुधा एरंडेल किंवा घट्ट केलेले वनस्पती तेल असते. रंग येतो तो मुख्यतः लोहाच्या काळ्या, तांबड्या आणि पिवळ्या ऑक्साइडांपासून. ही तीन कमीजास्त मिसळली की तपकिरीच्या सगळ्या छटा तयार होतात. काही काळ्या पेन्सिलींत कार्बनची काजळीही असते. याखेरीज सुगंध, तेल खवट होऊ नये म्हणून घातलेली द्रव्ये आणि परिरक्षके येतात. त्रास होतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या गटाचा, रंगाचा क्वचित.

ही कांडी रोज त्याच जागी लागते, आठ-दहा तास राहते आणि असे वर्षानुवर्षे चालते. भुवईची कातडी तशी जाड, पण तिच्या बोटभर खाली असलेली पापणीची कातडी साऱ्या शरीरात सर्वांत पातळ. म्हणून भुवईला लावलेल्या वस्तूची अॅलर्जी कित्येकदा भुवईवर न दिसता पापणीवर दिसते. पापण्या सकाळी सुजतात, खाजतात, आणि संशय मात्र काजळावर किंवा रात्रीच्या जागरणावर जातो.

सोलापुरात निवडीचा पहिला प्रश्न उन्हाळ्याचा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांपर्यंत चढतो. मधमाशीचे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना. म्हणजे चेहऱ्यावर पेन्सिल वितळत नाही, मऊ पडते, आणि तेलाचा अंश जितका जास्त तितकी लवकर. मुंबईच्या दमट हवेत घाम ओघळतो आणि रेघ धुऊन नेतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम जागीच वाळतो, मागे मीठ राहते, खाज सुटते आणि मनगटाने कपाळ पुसले जाते. त्यात मऊ, तेलकट रेघेवर धूळ चिकटते. यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या भुवयांवर कापसाचे तंतूही बसतात. तेव्हा इथे रोजच्या वापराला कडक, कोरड्या पोताची पेन्सिल बरी. मलईसारखी सरकणारी पेन्सिल दुकानात हाताला छान वाटते, पण ती थंडीतल्या लग्नसराईसाठी ठेवावी.

कडकपणाची परीक्षा सोपी आहे. मनगटाच्या पाठीवर एक रेघ ओढावी, मिनिटभर थांबावे आणि बोट एकदाच हलके फिरवावे. रेघ कडेला थोडी पुसट झाली तर पेन्सिल कामाची. पूर्ण पसरली तर तेल जास्त. उमटवण्यासाठी दाबून ओढावी लागत असेल तर ती गरजेपेक्षा कडक आहे आणि रोजच्या घर्षणाने भुवईचे केस तोडील. दुकानातल्या टेस्टरने ही परीक्षा हातावरच करावी, भुवईवर नाही. तो टेस्टर कितीजणींच्या कपाळाला लागून आलेला असतो ते कोणालाच माहीत नसते.

उन्हात उभ्या स्कूटीच्या डिकीत पेन्सिल ठेवू नये. तापून पुन्हा थंड झालेल्या कांडीवर पांढरट थर धरतो किंवा तेलाचे बारीक थेंब सुटतात. अशी कांडी विषारी होत नाही, पण तिच्यातले मेण आणि रंग एकजीव राहिलेले नसतात. रेघ कुठे गडद, कुठे फिकी उमटते आणि हात आपोआप जास्त दाब देतो. उन्हाळ्यात टोक काढण्याआधी पेन्सिल दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली तर टोक मोडत नाही.

दुसरा प्रश्न वेष्टनावरच्या मजकुराचा. भारतात सौंदर्यप्रसाधनांना २०२०चे कॉस्मेटिक्स रूल्स लागू आहेत. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि वापराची मुदत असावी लागते. परदेशी मालावर आयात नोंदणीचा क्रमांक असावा लागतो. प्रसाधनात वापरलेल्या रंगातील शिसे दशलक्ष भागांत २० आणि आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्याचा नियम मात्र पाहण्यासारखा आहे. इतर प्रसाधनांत नकळत आलेल्या पाऱ्याला १ भागाची मर्यादा, तर केवळ डोळ्यांभोवती वापरायच्या प्रसाधनांना याच नियमांत ७० भागांपर्यंत सूट ठेवलेली आहे. घटकांची यादी छापण्याचे बंधन ३० ग्रॅमपेक्षा लहान घट्ट मालाला नाही, आणि पेन्सिल तर एक-दोन ग्रॅमची असते. म्हणूनच बंधन नसताना जी कंपनी यादी छापते तिची पेन्सिल आधी पाहावी, आणि त्या यादीत सुगंध नसेल तर फारच उत्तम. भुवईला वास कशाला हवा?

जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर भरणाऱ्या गड्डा यात्रेत बांगड्या-टिकल्यांच्या शेजारी पेन्सिलीही मांडलेल्या असतात. तिथे घ्यायला हरकत नाही, पण पत्ता, परवाना आणि मुदत नसलेली सुटी पेन्सिल कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. ‘हर्बल’ या शिक्क्यानेही निश्चिंत होऊ नये. मधमाशीचे मेण, राळ आणि वनस्पतींचे अर्क हे सगळे नैसर्गिकच आहेत आणि अॅलर्जी देणाऱ्यांतही मोडतात. पारंपरिक सुरम्याची गोष्ट याहून गंभीर आहे. त्यात शिशाचे सल्फाइड असू शकते. तो भुवईला नको, डोळ्यात नको आणि लहान मुलांच्या आसपासही नको.

आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर अॅलर्जी दरवेळी लालीच्या रूपात येत नाही. पुष्कळदा खाज नसते, पुरळ नसते. भुवईच्या कडेने आणि पापणीवर करडा-तपकिरी काळेपणा हळूहळू पसरतो. काही जातींच्या कुंकवाने कपाळावर पडणारा काळा डाग याच प्रकारातला. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने उलट पांढरा डाग पडतो, आणि तो पाहून घरात कोडाची धास्ती बसते. भुवईपाशी काळेपणा दिसू लागला की तो झाकायला आणखी गडद पेन्सिल लावली जाते आणि डाग वाढत जातो. अशा वेळी भुवई, पापणी आणि कपाळावरची सगळी प्रसाधने काही आठवडे बंद ठेवणे हा उपचाराचा पहिला भाग. बाजारातले स्टेरॉइडमिश्रित गोरेपणाचे मलम लावणे हा उपचार नव्हे. डोळ्याजवळ ते फार दिवस लावले तर कातडी पातळ होते आणि डोळ्याचा दाब वाढण्याचा धोका असतो.

नवी पेन्सिल आणल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून पाहावी. एका दिवसाची परीक्षा पुरत नाही, कारण अॅलर्जी कित्येकदा चौथ्या-पाचव्या दिवशी उमटते. पूर्वी त्रास झालेल्यांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्यावी. तीत संशयित द्रव्ये पाठीवर चिकटवून ४८ तास ठेवतात, पट्ट्या काढल्यावर एकदा आणि पुढे दोन दिवसांनी पुन्हा पाठ तपासतात. घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून सोलापुरात ही तपासणी थंडीत केलेली बरी. जाताना वापरातली पेन्सिल, टिकलीचे पाकीट आणि केसांच्या कलपाचे खोकेही बरोबर न्यावे.

पेन्सिलीत पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे जंतू तिच्यात सहज वाढत नाहीत. जेल किंवा मस्कारा तीन-सहा महिन्यांत टाकावा लागतो, पेन्सिल त्याहून बरीच टिकते. टोक काढताना वरचा मळका थर निघून जातो हा लाकडी पेन्सिलीचा साधा पण मोठा फायदा आहे. फिरवून वर येणाऱ्या कांडीला तो नाही, तिचे टोक टिश्यूने पुसावे लागते. शार्पनरही आठवड्यातून एकदा स्पिरिटने पुसावा. घरात रांजणवाडी झाली असेल किंवा डोळे आले असतील तर आईची पेन्सिल मुलीने आणि मुलीची आईने वापरू नये. खरे तर एरवीही नाही. विड्या वळणाऱ्या बायकांनी पेन्सिल लावण्यापूर्वी आणि काढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. तंबाखूची भुकटी डोळ्याला फार झोंबते.

रंगाच्या बाबतीत सल्ला थोडक्यात. काळ्याभोर केसांनाही निव्वळ काळी पेन्सिल रेखीव न दिसता ठोकळेबाज दिसते. गडद तपकिरी किंवा करडेपणाकडे झुकणारी तपकिरी छटा बहुतेकींना शोभते. मेंदीने केस तांबूस झाले असले तरी पेन्सिल तांबूस घेऊ नये. एकच लांब रेघ न मारता केसाच्या दिशेने तुटक, बारीक रेघा ओढाव्यात आणि जुन्या स्वच्छ टूथब्रशने हलके विंचरावे. वॉटरप्रूफ पेन्सिल रोज नको. ती काढायला जोर लागतो आणि त्या जोराने केस तुटतात. रात्री कापसावर खोबरेल तेलाचे दोन थेंब घेऊन भुवईवर अर्धा मिनिट नुसते धरावे, मग नाकाकडून कानाकडे एकदाच पुसावे आणि चेहरा धुवावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी आधी लेन्स काढावी, नाहीतर तिच्यावर तेलाचा पापुद्रा चढतो.

पार्लरमध्ये आयब्रो करून आल्यावर त्या दिवशी पेन्सिल लावू नये. धाग्याने केस उपटला की त्याचे छिद्र काही तास उघडे राहते. त्यात मेण आणि रंग गेला की दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या येतात. धाग्याचे एक टोक दातांत धरण्याची पद्धत अजून सर्रास चालू आहे. ते गळ्याभोवती बांधून काम करणारी ब्युटिशियन निवडावी. भुवईजवळ चामखीळ असेल तर धागा फिरवून तो पसरतो. ज्यांना कोड आहे त्यांच्या भुवईवर उपटण्याच्या जखमेतून नवा पांढरा डाग उमटू शकतो. अशांना धाग्यापेक्षा लहान कात्री आणि पेन्सिल बरी.

भुवईचे केस पांढरे झाले की डोक्याचा कलप तिथेही लावायचा मोह होतो. तो मात्र टाळायलाच हवा. बहुतेक कलपांत आणि ‘काळ्या मेंदी’त पीपीडी हे रसायन असते. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाच्या, भुवया-पापण्या रंगवण्याच्या कलपाने काही बायकांची दृष्टी गेली आणि एकीचा मृत्यू झाला. तिथला १९३८चा अन्न, औषध व प्रसाधन कायदा होण्यामागे हे एक कारण होते. कलपाच्या खोक्यावर ‘भुवयांना लावू नये’ अशी सूचना आजही छापलेली असते, अर्थात सर्वांत लहान अक्षरांत.

पेन्सिल विरळ भुवई भरून काढते. ती विरळ का झाली हे मात्र आधी पाहावे लागते. वर्षानुवर्षे बारीक कोरून घेतल्यामुळे काही केस कायमचे जातात. भुवयांत कोंडा, लाली आणि खपल्या असतील तर औषधी शाम्पू आणि मलमाने बहुधा आराम पडतो. त्यावर मेणाची पेन्सिल फासली तर कोंडा तेवढा चिकटून बसतो. नाण्याएवढा गुळगुळीत ठिपका चाईचा असू शकतो. कानाकडचा बाहेरचा एक तृतीयांश भाग दोन्ही बाजूंनी विरळ झाला असेल, आणि त्याबरोबर थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता किंवा पाळीची अनियमितता असेल, तर थायरॉइडची रक्ततपासणी करावी. हाच बाहेरचा भाग कुष्ठरोगातही गळतो. अंगावर बधिर चट्टा, चकाकती जाड कातडी किंवा सुजलेल्या कानाच्या पाळ्या सोबत असतील तर पेन्सिल बाजूला ठेवून सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात दाखवावे. कुष्ठरोगावरचा बहुविध औषधोपचार शासकीय रुग्णालयांत मोफत मिळतो आणि लवकर सुरू झाला तर व्यंग टळते. एरंडेल चोळून भुवया दाट होतात याला पुरावा नाही. बाळाच्या भुवया काजळाने कोरल्या तर पुढे त्या रेखीव येतात या समजुतीलाही नाही.

पेन्सिलीची खरी गरज केमोथेरपीच्या रुग्णांना पडते. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये जिल्ह्यातून आणि शेजारच्या मराठवाड्यातून बायका येतात. केस गळाल्यावर डोके पदराखाली झाकता येते, भुवई झाकता येत नाही. उपचार सुरू होण्याआधी चेहऱ्याचा समोरून एक स्पष्ट फोटो काढून ठेवावा. भुवई गेल्यावर पेन्सिल नाकपुडीच्या कडेला उभी धरावी. ती जिथे कपाळाला टेकते तिथे भुवईची सुरुवात. नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिरकी धरली की शेवट मिळतो. या दोन खुणांमध्ये फोटो पाहून बारीक रेघा भराव्यात. या काळात कातडी कोरडी आणि नाजूक असते, म्हणून कडक पेन्सिलीचा आधीचा सल्ला इथे लागू नाही. मऊ, बिनवासाची आणि नवी कोरी पेन्सिल घ्यावी. पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा साधी पुटकुळीही चिघळू शकते, त्यामुळे टोकाने टोचणार नाही हे पाहावे. केमो संपल्यावर दोन-तीन महिन्यांत बहुतेकींच्या भुवया पुन्हा दिसू लागतात. पहिले केस बारीक आणि वेडेवाकडे असतात. ते नीट भरून येईपर्यंत धागा लावू नये, आकार पेन्सिलीनेच द्यावा.