चित्र कोणाचे? ओळखा पाहू!



पौराणिक चित्र दिसले की आपण चटकन म्हणतो, "रविवर्मा!" बडोद्यात हे साहजिकच आहे. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली होती, आणि राजवाड्याच्या आवारातील फत्तेसिंहराव संग्रहालयात त्यांची चित्रे आजही आहेत. पण कीर्तिमंदिरातले 'गंगावतरण'ही पौराणिकच. ते नंदलाल बोस यांचे. रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याच्या भिंतींवर कृष्णकथा आहेत, त्या एकोणिसाव्या शतकातल्या. म्हणजे विषयावरून चित्रकार ओळखायला गेलो तर हमखास फसतो. ओळखायचा असतो तो चित्रकाराचा हात.

हात म्हणजे काय? रविवर्मांच्या तैलचित्रात उजेड आणि सावली यांतून अंगाला गोलाई येते. रेशमी वस्त्राचे वजन आणि दागिन्यांची चमक जाणवते. नंदलालबाबूंनी १९३९ ते १९४६ या काळात कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवल्या. तिथे जोर रेषेवर आहे; रंग सपाट, सावली जवळजवळ नाहीच. तांबेकर वाड्यात लहान लहान आकृतींनी चौकटी भरलेल्या दिसतात.

ही नजर तयार कशी होते? अमेरिकेतील नेट कॉर्नेल व रॉबर्ट ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात बारा चित्रकारांची प्रत्येकी सहा चित्रे लोकांना दाखवली. काही चित्रकारांची सहाही चित्रे ओळीने, तर बाकीच्यांची सरमिसळ करून. नंतर त्याच चित्रकारांची नवी चित्रे दाखवून नावे विचारली. ज्यांची चित्रे सरमिसळ पाहिली होती, ते चित्रकार अधिक चांगले ओळखता आले. गंमत म्हणजे, ओळीने पाहूनच आपण जास्त शिकलो, असे बहुतेकांना वाटत होते!

असे का व्हावे? एकाचीच चित्रे ओळीने पाहिली की सगळे ओळखीचे वाटू लागते आणि डोळे आळसावतात. शेजारी दुसऱ्याचे चित्र आले की फरक डोळ्यांत भरतो, आणि ओळख पटते ती फरकातूनच.

करून पाहा

तीन चित्रकारांची प्रत्येकी सहा छापील चित्रे जमवा आणि मागे नावे लिहा. प्रत्येकाची दोन चित्रे न पाहता बाजूला ठेवा. उरलेली बारा पत्त्यांसारखी पिसा. एकेक चित्र उचला, नाव आणि कारण मोठ्याने सांगा, मगच उलटून पाहा. चुकलात तरी हरकत नाही. चार दिवसांनी बाजूला ठेवलेल्या सहा चित्रांवर आपली परीक्षा घ्या.

पालकांसाठी दोन शब्द

गणितातही हेच घडते. एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवली की मुलाला सगळे आले असे वाटते. परीक्षेत उदाहरणे मिसळून येतात, तेव्हा रीत कोणती लावायची हेच सुचत नाही. म्हणून पद्धत एकदा समजली की सराव मिसळून करून घ्यावा. सुरुवातीला चुका वाढतील. त्यावरून मुलाला रागावू नये.

आणि एखाद्या रविवारी मुलांना घेऊन कीर्तिमंदिर व संग्रहालय दोन्ही पाहावे, शक्यतो एकाच दिवशी. पाटी वाचण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारावा: "हा हात कोणाचा?"