मोरीतले सामान

आपल्या जळगाव-धुळ्याकडे कपाशीचा पेरा मोठा. घर लहान, मोरी त्याहून लहान. धुणे तिथेच. मग सामान कुठे ठेवायचे?

साबण-सोडा कोनाड्यात ठेवू. सोड्याच्या डब्याला झाकण लावू. ओल लागली की सोड्याचे खडे होतात. धोपटणे खुंटीला टांगू.

फवारणीचे औषध मात्र मोरीत नको. पोरे बाटली तोंडाला लावतात. ते कुलपात ठेवू. फवारणीचे कपडे वेगळे ठेवू, वेगळे धुऊ. कपड्यांतले विष अंगात भिनते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने कितीतरी शेतकरी-मजूर दगावले.

डब्यावरचा त्रिकोण पाहू. लाल म्हणजे जहाल विष. हिरवा असला तरी विषच. आता आपल्याला वाचता येते. आधी नाव वाचू, मग झाकण उघडू.