चेन्नई महानगरपालिका : निकाल आणि खंड

1688 साली स्थापन झालेली मद्रासची, म्हणजेच आजच्या चेन्नईची, महानगरपालिका ही भारतातील सर्वांत जुनी नगरसंस्था होय. तथापि संस्था जुनी असली म्हणजे तिच्यातील लोकप्रतिनिधित्वही अखंड असते, असे नाही. 1973 मध्ये ती बरखास्त झाल्यावर पुढील निवडणूक झाली ती थेट 1996 मध्ये. दरम्यान 74व्या घटनादुरुस्तीने दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली होती. तरीही 2016 मध्ये मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत राहिले.

फेब्रुवारी 2022 च्या निवडणुकीत 200 प्रभागांपैकी 153 द्रविड मुन्नेत्र कळघमने जिंकले. मित्रपक्षांसह हा आकडा 178 झाला. अण्णा द्रमुकला 15 जागा मिळाल्या. अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव असलेल्या महापौरपदी 4 मार्च रोजी आर. प्रिया यांची निवड झाली. मतदान मात्र निम्म्याहूनही कमी झाले होते.

त्याच महिन्यात मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली आणि तेथेही तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाची राजवट राहिली. रस्ते, गटारे, पाणीपुरवठा ही कामे प्रशासकही करू शकतो. परंतु ती न झाल्यास त्याला मताने दूर करण्याचा अधिकार नागरिकाला नसतो. म्हणूनच निकालाइतकेच निवडणुकीचे वेळेवर होणेही महत्त्वाचे ठरते.