एकास चोवीस

नगरला पाहुणे येतात ते रणगाड्यांचं संग्रहालय बघायला. अशा गावात लाकडाची विमानं घडवणारा मी जरा उलट्या चालीचाच. माझं आवडतं विमान एचटी-२. डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आखलेलं, १९५१ साली उडालेलं प्रशिक्षण विमान. प्रांटलसारख्या गुरूकडे गॉटिंगेनला शिकून आलेल्या या मराठी माणसाचं नाव आपल्या पोरांना ठाऊक नसावं, हे मला खटकतं. असो.

१. आधी गणित. मूळ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत १०.७२ मीटर. एकास चोवीस मापात ते जेमतेम ४५ सेंटीमीटर भरतात. म्हणजे आपला एक मिलिमीटर तिकडे जवळजवळ अडीच सेंटीमीटर. पंखाची मागची कड दोन मिलिमीटर राहिली, की खऱ्या विमानाला पाच सेंटीमीटरची फळी ठोकल्यासारखी दिसते. बहुतेक मॉडेलं इथेच खेळण्यासारखी वाटू लागतात.

२. सागवानाचा मोह नको. त्यात तेल असतं, रंग नीट धरत नाही आणि रेषेही वर दिसतात. बाल्सा हलका खरा, पण नखानेही दबतो. तो उडवायच्या विमानाला ठीक. कपाटात ठेवायच्या विमानासाठी वखारीत शिवण मागा. हलकी, कोरायला सोपी, सहसा वाकत नाही.

३. ठोकळ्यावरची मध्यरेषा शेवटपर्यंत जपा. कापताना गेली, तर लगेच पुन्हा आखा.

४. खरी मेहनत रंगाच्या आधीची. सँडिंग सीलरचा हात दिला की लाकडाचे रेषे उभे राहतात. ते घासायचे, पुन्हा हात द्यायचा, पुन्हा घासायचं. पंख अंगाला मिळतो तिथली फट लांबीने भरायची. मग करड्या प्रायमरचा पातळ हात देऊन ट्यूबलाइटखाली विमान तिरकं धरायचं. एकेक ओरखडा दिसतो. गॅरेजमधला रंगारी तर डोळ्यांवर विसंबतच नाही. तळव्याखाली मऊ फडकं धरून पत्र्यावरून हात फिरवतो आणि खळगा नेमका सांगतो. ही युक्ती लाकडालाही लागू. चंदेरी रंग देणार असाल तर घासायचा अजिबात कंटाळा करू नका. तो रंग महाचुगलखोर.

५. वैशाखातल्या दुपारी स्प्रे मारू नका. रंग हवेतच सुकतो आणि अंगावर खरखर बसते, वर नगरची धूळ. पावसात लॅकर पांढुरकं पडतं. हिवाळ्यात ऊन वर आल्यावर, दार लावून मारा. तीन पातळ हात द्या, एक जाड नको.

६. वायुदलाच्या वर्तुळात केशरी बाहेर, हिरवा मध्ये. घाईत हे हमखास उलटं होतं.

७. पंख्याची दोन्ही पाती एकाच दिशेला पिळलेली हवीत. बुडाशी पीळ जास्त, टोकाकडे कमी. चुकलं तर घरचे काही बोलणार नाहीत. पण आपल्या जिल्ह्यात माजी सैनिक गल्लोगल्ली आहेत, त्यातला एखादा चहा हातात यायच्या आधीच विचारतो, "हे उडणार कोणत्या बाजूला?"