सायकल रेवदंड्यापर्यंत की काशीदपर्यंत?

पावसाळा ओसरला की रविवारी पहाटे अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर सायकलस्वारांची रांग दिसू लागते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईची मंडळीही सायकली घेऊन उतरतात. त्यांचे पाहून आपल्याकडचे दुकानदार, शिक्षक, बँकेतले कर्मचारी सायकलीवरची धूळ झटकू लागले आहेत. गोष्ट चांगलीच आहे. मात्र यातले चाळिशी-पन्नाशीचे लोक दवाखान्यात येऊन विचारतात, ‘‘डॉक्टर, किती किलोमीटर चालवली तर चालेल?’’ या प्रश्नाला नुसत्या आकड्यात उत्तर देता येत नाही. अक्षी-नागावच्या वाड्यांमधले दहा किलोमीटर आणि साळावच्या पुलापलीकडचे दहा किलोमीटर हृदयाच्या हिशेबी सारखे नाहीत.

सायकलीचे गुण आता वेगळे सांगायला नकोत. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे सुमारे तीस हजार लोकांची चौदा-पंधरा वर्षे पाहणी झाली, ती २००० साली प्रसिद्ध झाली. कामावर सायकलने जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण, इतर कारणे जमेस धरूनही, सायकलने न जाणाऱ्यांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे, तो सायकलने सहज पुरा होतो. पण कोपनहेगनची हवा थंड आणि जमीन सपाट आहे. आपल्याकडे दमट हवा आहे आणि समुद्रालगत डोंगर आहेत, त्यामुळे तिथला हिशेब इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

सायकल मारताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो. बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते आणि ती शरीराबाहेर टाकावी लागते. हे काम मुख्यतः घाम करतो, पण तो वाळला तरच. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम नुसता ओघळतो, कपडे भिजतात आणि अंग थंड होत नाही. सपाटीवर सायकलच्या वेगाने अंगावर वारा येतो व आपण निभावून नेतो. चढावर मात्र श्रम वाढतात आणि वेग पडल्यामुळे तो वाराही बंद होतो. सपाट रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटरने जायला जेवढे श्रम पडतात, त्याच्या दुपटी-अडीचपटीने ते शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी दहाच्या चालीला पडतात. दमट हवेतल्या चढावर धडधाकट माणसालाही गरगरते, त्याचे कारण हे.

म्हणून नवशिक्याने अलिबागहून निघून अक्षी, नागाव, चौलमार्गे रेवदंड्याचा रस्ता धरावा. एका बाजूचे अंतर सतरा-अठरा किलोमीटर, रस्ता बहुतेक सपाट, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अनेक वाड्या आडव्या झाल्या व काही ठिकाणी सावली विरळ झाली, तरी उन्हापासून एवढा आडोसा दुसऱ्या रस्त्यावर कमीच. पहिल्या आठवड्यात नागावहूनच परतावे. घरी येऊन अंघोळ करून दुकान उघडण्याइतका उत्साह उरला तर पुढच्या आठवड्यात चौल. अलिबागच्या उत्तरेला थळ, चोंढी, किहीम, झिराड, सासवणे, मांडवा हा रस्ताही सौम्य आहे, मात्र बोटीच्या वेळेला मोटारींची वर्दळ फार. किहीमच्या झाडीत सलीम अली यांनी १९३० साली सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला होता. दम खायला थांबायचे तर तिथे थांबावे, वर पाहायला काहीतरी असते.

वेळ सकाळची, आणि तीही उजाडताना. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. दिवस चढला की खारा वारा सुरू होतो, तो आपल्या किनाऱ्यावर बहुधा वायव्येकडून येतो. काशीदहून अलिबागला परतण्याची दिशा उत्तरेची, म्हणजे वारा समोरून. जाताना हलके वाटते, येताना थकलेल्या पायांना डोक्यावर ऊन आणि तोंडावर वारा. अर्धी शक्ती संपल्यावर परत फिरण्याचा विचार करणारा इथे फसतो. तिसरा हिस्सा संपला की परत फिरावे.

रेवदंड्याला कुंडलिकेचा पूल ओलांडून साळावला गेले की रस्त्याचा स्वभाव बदलतो. कोर्लईजवळ तो डोंगराला बिलगून जातो, पुढे बोर्ली, बारशिव, काशीदपर्यंत चढउतार चालूच. अलिबाग ते काशीद जाऊन-येऊन साठाच्या वर किलोमीटर होतात. दोन-तीन महिने आठवड्यातून तीन-चार दिवस सायकल चालवलेल्याने हा बेत करावा. सहा दिवस गल्ल्यावर बसून सातव्या दिवशी काशीद गाठणे म्हणजे व्यायाम नव्हे, शरीराची परीक्षा आहे, आणि तीही अभ्यास न करता दिलेली.

गेल्या हिवाळ्यात पन्नाशीचे एक मधुमेही गृहस्थ असेच काशीदला निघाले. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि नाश्ता ‘काशीदला गेल्यावर करू’ म्हणून ठेवला. साळावच्या पुढच्या चढावर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, ते असंबद्ध बोलू लागले आणि सोबत्यांवर उगाच चिडले. सोबत्यांना वाटले ऊन लागले. त्यांनी डोक्यावर पाणी ओतले. टपरीवाल्याने दिलेल्या दोन कप गोड चहाने दहा-पंधरा मिनिटांत गृहस्थ माणसात आले! तो दिवस टपरी जवळ होती म्हणून निभावला. त्यांची साखर उतरली होती. चालत्या स्नायूंना साखर जास्त लागते आणि गोळी तर तिचे काम करतच असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सायकलवर बसू नये. मांडीत टोचलेले इन्सुलिन पेडल मारताना लवकर भिनते, तेव्हा त्या दिवशी जागा आणि मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच. लक्षणे दिसताच तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम घ्यावे, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच, आणि नंतर पोळी-बिस्कीट काहीतरी खावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. लांब पल्ल्यानंतर साखर त्या रात्रीही उतरू शकते, हे घरच्यांना सांगून ठेवावे. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना ही भीती फार थोडी. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांनी मात्र अंगातले पाणी लवकर कमी होते.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही. मनगटावरच्या घड्याळातला आकडा पाहून ते समाधानी असतात, आणि साखर उतरताना होणारी धडधडही त्यांना जाणवत नाही. घड्याळापेक्षा बोलून पाहावे. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा दम योग्य. शब्द तुटू लागले की उतरावे आणि सायकल हातात धरून चढ चढावा. त्यात कसला कमीपणा?

‘‘चढाला छाती भरून येते, सपाटीला बरे वाटते, पित्त असेल,’’ असे सांगणारे वरचेवर भेटतात. श्रमाने येणारे आणि थांबल्यावर जाणारे दुखणे पित्ताचे नाही असे समजून तपासणी करून घ्यावी, मग ते छातीत असो, जबड्यात असो की डाव्या हातात. पडून काढलेला ई.सी.जी. चांगला आला तरी शंका फिटत नाही, कधी पळत्या पट्ट्यावरची चाचणी लागते. मधुमेह्याला दुखतही नाही, नुसता दम आणि गार घाम येतो. रस्त्यात असे झाले आणि विश्रांतीने गेले नाही, तर ‘उतार आहे, घरी जाऊ’ असे म्हणू नये. सायकल तिथेच ठेवून १०८ ला फोन करावा. अलिबागला जिल्हा रुग्णालय आणि मुरूडला ग्रामीण रुग्णालय आहे. त्यांच्या मधल्या पट्ट्यात एकट्याने न जाणे बरे.

सरावलेल्यांना खरी ओढ जंगलाची असते. फणसाड हे पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान. १९८६ साली त्याचे अभयारण्य झाले. शेकरू दिसते, नशीब असेल तर भेकरही. रोह्याहून केळघरमार्गे मुरूडला उतरणारा रस्ता या रानाच्या बाजूचा. सावली भरपूर, पण झाडीत वारा पडलेला असतो, चढ सलग, आणि फोन लागेल याची खात्री नाही. अभयारण्यात शिरायचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडावे. बसण्यासाठी दगडी गडग्यावर हात टाकण्याआधी नजर टाकावी, फुरसे आणि विंचू दोघांनाही ती जागा आवडते. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी असल्याचे आपल्याच जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंश झाल्यास मंत्र-पाल्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. तासाभरापेक्षा अधिक जायचे तर त्यात मीठ-साखर हवी, ओ.आर.एस. किंवा मीठ घातलेले कोकम सरबत उत्तम. नुसते पाणी ढोसत राहिल्याने रक्तातले मीठ उतरते आणि डोके दुखून उलट्या होतात. शहाळे चांगले, पण मूत्रपिंडाच्या रोग्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम बरेच असते. रक्तदाबाच्या रोग्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

गुडघेदुखीची बरीचशी प्रकरणे सीटपाशीच मिटतात. टाच पेडलवर ठेवून पाय खाली नेला तर तो सरळ झाला पाहिजे; सीट बुटकी असली की गुडघ्यावर ताण येतो. करंगळी बधिर होत असेल तर हँडलवर भार फार पडतो आहे. हेल्मेट घालावे, समुद्रालगतच्या वळणावर वाळू पसरलेली असते.

पावसाळ्यात रस्त्यावर शेवाळ धरते आणि खड्डे पाण्याखाली जातात, तेव्हा नवशिक्याने सायकल भिंतीला टेकवून ठेवावी. गेलाच, आणि पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून जावे लागले, तर जखम साबणाने धुवावी. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही झाले, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि पाण्यातून गेल्याचे आपणहून सांगावे.