हैतीचे दांतेस बेलगार्द

शिक्षक, इतिहासकार व मुत्सद्दी दांतेस बेलगार्द (१८७७-१९६६) हे हैतीचे सुपुत्र. गुलामांनी फ्रेंचांशी लढून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेला हा देश १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता.

नैऋत्य आफ्रिकेत कुत्र्यांवरील जबर करामुळे चिघळलेला बाँडेलस्वार्ट जमातीचा उठाव दक्षिण आफ्रिकी सरकारने १९२२ मध्ये विमानांतून बाँब टाकून चिरडला. १०० हून अधिक लोक मारले गेले. राष्ट्रसंघाच्या सभेत बेलगार्द यांनी त्याचा तीव्र निषेध केला. १९३० मध्ये त्याच सभेत त्यांनी स्वदेशावरील अमेरिकी अंमलाविरुद्ध आवाज उठविला. स्वतःचा देश परक्यांच्या ताब्यात असतानाही दूरच्या पीडितांचे गाऱ्हाणे त्यांनी जगापुढे मांडले, हे त्यांच्या वसाहतविरोधाचे खरे मोल होय.